७७ मतांचा निकाल आणि पाच चिठ्ठीपेट्या

१० मार्च २०२२ रोजी गोवा विधानसभेचे निकाल लागले, तेव्हा फोंड्यात रवी नाईक ७७ मतांनी निवडून आले आणि सांत आंद्रेत वीरेश बोरकर ७६ मतांनी. प्रियोळात फरक २१३ मतांचा होता, नावेलीत ४३० चा. आपले मतदारसंघच लहान आहेत. मुंबईत एका नगरसेवकाच्या प्रभागात जेवढे मतदार असतात, तेवढेही आपल्या आमदाराच्या वाट्याला येत नाहीत. राज्यात ४० मतदारसंघ आणि सुमारे १,७०० मतदान केंद्रे, म्हणजे एका मतदारसंघात सरासरी ४३ बूथ. प्रत्यक्ष मतदान २२-२३ हजारांच्या आसपास.

७७ चा फरक उलटायला ३९ मते इकडची तिकडे झाली तरी पुरे. ३९ मते म्हणजे एखाद्या वाड्यावरची दहा-बारा घरे. म्हणून ‘मशीन हॅक होते का’ या नेहमीच्या वादापेक्षा गोव्यात एक साधा प्रश्न जास्त कामाचा आहे: ३९ मतांची चूक किंवा लबाडी झालीच, तर ती कुठल्या कागदावर दिसेल आणि तो कागद कोणाच्या हातात असेल? जिंकलेल्याला निकाल पटवून द्यावा लागत नाही. पटावा लागतो तो हरलेल्याच्या एजंटाला, म्हणजे बूथवर त्याच्या वतीने बसलेल्या प्रतिनिधीला.

यादीतली गळती

सुरुवात यादीपासून करू, कारण ३९ मते सगळ्यात सहज इथेच हलतात. गोव्याच्या यादीला दोन दुखणी खास इथली. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेल्या माणसाचे भारतीय नागरिकत्व संपते. त्याच्याकडे ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असले, घर बाणावलीत असले, दर नाताळाला तो येत असला, तरी त्याला मत नाही. उलट जहाजावर काम करणारा तारवटी सहा-आठ महिने घरी नसतो, पण तात्पुरत्या गैरहजेरीमुळे कोणी ‘रहिवासी’ असायचे थांबत नाही, असे लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम २० स्पष्ट सांगते. त्याचे नाव काढणे चूक. मात्र त्याला टपाली मताची सोय नाही, बूथवर स्वतः यावे लागते. भारतीय पासपोर्टवर परदेशात स्थायिक झालेल्यांसाठी फॉर्म ६ए आहे, पण त्यांनाही मत द्यायला इथेच यावे लागते.

बंद घराला कुलूप पाहून बीएलओला, म्हणजे यादीचे काम पाहणाऱ्या बूथ पातळीवरच्या अधिकाऱ्याला, यातला फरक कळत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सुरू झालेल्या मतदारयाद्यांच्या विशेष सखोल पुनरीक्षणात गोव्याच्या प्रारूप यादीतून सुमारे लाखभर नावे गळली. त्यांत मेलेले, स्थलांतरित, दुबार असे सगळेच होते. अशा वेळी नाव गेले असेल तर फॉर्म ६, दुसऱ्याच्या नावाला आक्षेप घ्यायचा तर फॉर्म ७, पत्ता किंवा तपशील बदलायचा तर फॉर्म ८. फॉर्म ७ आला की ज्याच्या नावावर आक्षेप आहे त्याला नोटीस जायला हवी. ती बंद घराच्या दारावर चिकटवून परत येतात आणि माणसाला मतदानाच्या दिवशी कळते. शेजाऱ्यांपैकी कोणी यादी वाचली असती तर आठवड्यात काम झाले असते.

बूथवर दुसरी गाळणी असते. गैरहजर, स्थलांतरित आणि मृत नावांची वेगळी यादी मतदान केंद्राध्यक्षाकडे दिलेली असते. त्या यादीतला माणूस मत द्यायला आला तर ओळखपत्र नीट तपासून, सही-अंगठा घेऊनच त्याला पुढे सोडायचे. एजंटाला शंका आली तर दोन रुपये भरून तो आक्षेप नोंदवू शकतो. आणि खरा मतदार आला पण त्याच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले असेल, तर त्याला मशीनवर नाही, कागदी मतपत्रिकेवर मत देता येते. हे मत पाकिटात बंद राहते, मोजले जात नाही, आणि पुढे ते उघडायचे तर न्यायालयाचाच आदेश लागतो. अशा मतपत्रिका किती दिल्या हा आकडा एजंटाने वहीत लिहून घ्यावा. ७७ च्या फरकात तो आकडा फार बोलका असतो.

तीन डबे, एक वायर

मशीन म्हणजे तीन डबे. मतदार बटण दाबतो ते मतदान युनिट, चिठ्ठी छापणारे व्हीव्हीपॅट आणि अधिकाऱ्याच्या टेबलावरचे नियंत्रण युनिट. मतदान युनिटची वायर व्हीव्हीपॅटला आणि व्हीव्हीपॅटची नियंत्रण युनिटला. यांना इंटरनेट, ब्लूटूथ काही नाही. संपूर्ण विधानसभा मशीनवर निवडणारे पहिले राज्य गोवा, १९९९ मध्ये, आणि सगळ्या मतदारसंघांत व्हीव्हीपॅट वापरणारे पहिले राज्यही गोवाच, २०१७ मध्ये.

कुठले मशीन कुठे जाणार हे दोनदा सरमिसळ करून ठरते. आधी मतदारसंघनिहाय, पक्षांच्या प्रतिनिधींसमोर. मग बूथनिहाय, उमेदवार आणि निरीक्षकांसमोर. दोन्ही वेळा अनुक्रमांकांच्या याद्या मिळतात. त्या फाइलला लावून विसरायच्या नसतात, मतदानाच्या पहाटे बूथवर हातात ठेवायच्या असतात.

दुसऱ्या सरमिसळीनंतर मतपत्रिका बसवतात आणि व्हीव्हीपॅटमध्ये उमेदवारांची नावे-चिन्हे भरतात. मशीन कुठे जाणार हे ठरल्यानंतर बाहेरून त्यात माहिती शिरते ती इथेच, म्हणून टीकाकारांचे बोट इथे असते, आणि ते योग्य ठिकाणी आहे. २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की चिन्हे भरण्याची युनिटेही मोहोरबंद करून निकालानंतर ४५ दिवस ठेवायची. या टप्प्याला यादृच्छिक निवडलेल्या ५ टक्के मशीनवर हजार-हजार मतांची चाचणी होते. उमेदवार सहसा प्रचारात असतो आणि पाठवतो कोणाला, तर ज्याला प्रचारात काही काम नाही त्याला. पाठवायला हवा हिशेबी माणूस.

पहाटे साडेपाच

मतदान सातला सुरू होणार असेल तर अभिरूप मतदान, म्हणजे सगळे म्हणतात तो मॉक पोल, दीड तास आधी. किमान दोन उमेदवारांचे एजंट नसतील तर केंद्राध्यक्ष पंधरा मिनिटे थांबतो आणि मग सुरू करतो. पहाटे कोंबडा आरवायच्या आधी उठायचा कंटाळा केलेला एजंट आणि नंतर मशीनवर संशय घेणारा एजंट पुष्कळदा एकच असतो.

क्रम असा. पहिल्यांदा नियंत्रण युनिट रिकामे करून प्रत्येक उमेदवाराच्या नावापुढे शून्य असल्याचे दाखवतात आणि व्हीव्हीपॅटची पेटी उघडून रिकामी असल्याचे दाखवतात. मग एजंट मिळून किमान ५० मते देतात, ‘नोटा’सह प्रत्येक बटण दाबून. कोणाला किती दिली हे कागदावर लिहून ठेवतात. क्लोज दाबतात, रिझल्ट दाबतात, आकडे वाचतात, मग पेटीतल्या चिठ्ठ्या बाहेर काढून मोजतात. तिन्ही जुळले पाहिजेत: कागद, मशीन, चिठ्ठ्या.

इथपर्यंत सगळे बरोबर होते. घोळ होतो तो पुढच्या दोन मिनिटांत. मॉक पोलची मते क्लिअर दाबून पुसायची असतात आणि चिठ्ठ्या पेटीतून काढून, मागे मॉक पोलचा शिक्का मारून काळ्या पाकिटात बंद करायच्या असतात. बाहेर रांग लागलेली, सात वाजत आलेले, आणि क्लिअर दाबायचे राहून जाते. मग दिवसभराच्या खऱ्या मतांत ती ५० मते मिसळतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ च्या निकालपत्रात आहे की तोवर २०,६८७ व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या हाताने मोजल्या गेल्या होत्या आणि तफावत एका ठिकाणी निघाली, आंध्र प्रदेशातील मैदुकूर मतदारसंघात. कारण हेच: मॉक पोलची मते पुसली नव्हती. म्हणून एजंटाने क्लिअरनंतर टोटल बटण दाबायला लावून पडद्यावरचा शून्य स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा, त्याशिवाय मॉक पोलच्या प्रमाणपत्रावर सही करू नये. त्यानंतर रिझल्ट बटणावर हिरवे कागदी सील लागते. त्यावर केंद्राध्यक्षासोबत एजंटाचीही सही असते आणि सीलवर छापलेला क्रमांक असतो. तो टिपून घ्यायचा.

व्हीव्हीपॅटचे हट्ट वेगळे. त्याच्या मागे एक खटका असतो, वाहतुकीत आडवा आणि चालवताना उभा. तो आडवाच राहिला की कागद सरकत नाही आणि मशीन बिघडल्याची बोंब होते. खिडकीतून थेट ऊन किंवा डोक्यावरच दिवा नको, कारण आतल्या संवेदकाला उजेडाचा त्रास होतो. २०१८ च्या कैराना पोटनिवडणुकीत व्हीव्हीपॅट मोठ्या प्रमाणात बंद पडली, त्यात उजेड आणि दमट कागद ही कारणे पुढे आली. आपल्याकडच्या पंचायतघरांच्या खिडक्या पाहता टेबलाची जागा आदल्या संध्याकाळीच ठरवलेली बरी. मध्येच फक्त व्हीव्हीपॅट बिघडले तर तेवढेच बदलतात. मतदान युनिट किंवा नियंत्रण युनिट बिघडले तर तिन्ही डबे बदलतात आणि प्रत्येक बटणावर एकेक मत देऊन पुन्हा चाचणी करतात. मॉक पोलची मते पुसायला विसरण्याची दुसरी संधी हीच.

आता मतदाराचे काम. काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते: क्रमांक, नाव, चिन्ह. पुष्कळ जण बटण दाबून वळतात. चिठ्ठी कोणी वाचलीच नाही तर नंतर ती मोजून काय सिद्ध होणार? सगळ्या पडताळणीचा पाया हे सात सेकंद आहेत. चिठ्ठीवर भलतेच नाव आले तर केंद्राध्यक्षाकडे लेखी तक्रार करता येते, मग सर्वांसमोर चाचणी मत घेतात. तक्रार खोटी ठरली तर सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. इथे नियम मतदारावर अन्याय करतो असे वाटते, कारण चाचणीच्या वेळी मशीन बरोबर वागले एवढ्यावरून आधीही बरोबरच वागले होते असे ठरत नाही. भीतीपोटी तक्रारच न येणे आणि तक्रारीला जागाच नसणे, यांतला फरक बाहेरून दिसत नाही.

१७सी: सगळ्यात महत्त्वाचा कागद

मतदान संपले की क्लोज दाबतात. त्यानंतर मशीन एकही मत घेत नाही. मग केंद्राध्यक्ष फॉर्म १७सी भरतो: तिन्ही युनिटांचे अनुक्रमांक, नोंदवहीत सह्या किती, सही करून मत न देणारे किती, चाचणी मते किती, मशीनमधली एकूण मते किती, सीलचे क्रमांक कुठले. याची प्रत हजर असलेल्या प्रत्येक एजंटाला द्यावी लागते आणि पोच घ्यावी लागते.

हा कागद म्हणजे बूथ सोडताना मशीनचे कुलूप आणि त्यातली शिल्लक, दोन्हींची पावती. मतमोजणीच्या दिवशी पेटी उघडल्यावर नियंत्रण युनिटचा अनुक्रमांक, सीलचा क्रमांक आणि एकूण मते या प्रतीशी ताडून पाहायची. ६१२ लिहिले असेल तर ६१२ च हवीत. एजंट सहाच्या सुमारास कंटाळून निघून गेला, प्रत घेतलीच नाही, तर मतमोजणीला त्याच्या पक्षाकडे तुलनेला काहीच नसते. मग संशय उरतो आणि पुरावा राहत नाही. ४३ बूथांच्या ४३ प्रती एका फाइलमध्ये क्रमाने लावलेला उमेदवार आणि मोबाइलमध्ये अर्धवट फोटो असलेला उमेदवार, यांची मोजणीच्या हॉलमधली झोप वेगवेगळी असते.

स्ट्राँगरूमबद्दल थोडक्यात. दुहेरी कुलूप, आतल्या कड्याला केंद्रीय दल, कॅमेरे. कुलपावर उमेदवार स्वतःचे सील लावू शकतात आणि बाहेर माणूस बसवू शकतात. अफवा बहुतेक वेळा राखीव मशीनवरून उठतात. न वापरलेली मशीन वेगळ्या गोदामात नेताना दिसतात आणि टेम्पोचा व्हिडिओ फिरतो. उत्तर सोपे आहे: अनुक्रमांक विचारा, १७सीशी ताडा. यादीतले असेल तर गंभीर आहे, नसेल तर व्हिडिओ पुढे पाठवू नका.

पाच पेट्यांचे गणित

मोजणी आठला टपाली मतांपासून सुरू होते. मशीनची मोजणी साधारण अर्ध्या तासाने. शेवटी प्रत्येक मतदारसंघातले पाच बूथ चिठ्ठ्या टाकून निवडतात आणि त्यांच्या व्हीव्हीपॅटमधल्या चिठ्ठ्या जाळीच्या केबिनमध्ये हाताने मोजतात. ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या ८ एप्रिल २०१९ च्या आदेशाने आली. आकडा जुळला नाही तर चिठ्ठीचा आकडा ग्राह्य, मशीनचा नाही.

पाच पुरतात का? इतर राज्यांत एका मतदारसंघात अडीचशे-तीनशे बूथ असतात, तिथे पाच म्हणजे जेमतेम दोन टक्के. गोव्यात ४३ पैकी पाच, म्हणजे जवळपास १२ टक्के. देशात आपला नमुना प्रमाणाने फार मोठा आहे, ही जमेची बाजू. आता उणे बाजू पाहा. समजा एका मतदारसंघात ५,००० मतांनी निकाल लागला आणि तो फिरवायला २,५०० मते सरकवायची आहेत. एका मशीनमागे शंभर धरली तर २५ मशीनमध्ये गडबड लागेल. ४३ पैकी २५ बिघडलेली असताना यादृच्छिक पाचांत त्यातले एकही न सापडण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी. पकडले जाणारच. पण १० मशीन असतील तर पकडण्याची शक्यता ७५ टक्के, पाच असतील तर ४८, म्हणजे नाणेफेक. आणि एकच असेल तर १२. फोंड्याच्या फरकाला एक मशीन पुरते.

२०१९ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्थेच्या तज्ज्ञांनी देशभरातून ४७९ मशीन तपासली तरी पुरे असे म्हटले होते. देश हा एकच मतदारसंघ असता तर ते बरोबर ठरले असते. पण आमदार देशाचा निवडून येत नाही, फोंड्याचा येतो.

यावरून सुधारणा उघड आहे. नमुन्याचा आकार फरकाला बांधावा. फरक मोठा असेल तर पाचच पेट्या, फरक एक टक्क्याच्या आत असेल तर सगळ्या. २०२२ मध्ये फोंडा, सांत आंद्रे, प्रियोळ यांसारखे मतदारसंघ यात बसले असते. हे अशक्य आहे का? एका पेटीला सुमारे एक तास धरतात. ४३ पेट्या एकाच टेबलावर ४३ तास, पाच टेबलांवर नऊ तास. सकाळी सुरू केले तर रात्रीच्या जेवणाला निकाल. मोठ्या राज्यात याला दिवस लागतील हा युक्तिवाद खरा असेल, गोव्याला तो लागू नाही. उलट अशी पद्धत पहिल्यांदा करून पाहायला आपल्याएवढे सोयीचे राज्य नाही.

दुसरी सुधारणा फुकटात होण्यासारखी: प्रत्येक बूथच्या १७सीची प्रत त्याच रात्री संकेतस्थळावर टाकावी. १,७०० पाने. एजंटांना तो कागद आधीच दिलेला असतो, मग मतदाराला का नको?

आणि कागदी मतपत्रिकेकडे परत जा म्हणणाऱ्यांनी आपल्याच पंचायतीची मोजणी आठवावी. तिथे अजून शिक्का आणि पेटीच आहे. दोन रकान्यांच्या मधोमध उमटलेल्या शिक्क्यावरून किती वेळ हुज्जत चालते हे कुठल्याही वॉर्डातला एजंट सांगेल.

हरल्यावर घड्याळ

नियम बदलेपर्यंत आहेत त्या नियमांत काय करता येते, तेही माहीत हवे. एकूण आकडे वाचून दाखवल्यावर आणि निकाल जाहीर करण्याआधी निवडणूक निर्णय अधिकारी क्षणभर थांबतो. फेरमोजणीचा अर्ज त्याच वेळात, कारणांसह, लेखी. निवडणूक संचालन नियमांतल्या नियम ५६डी खाली कुठल्याही किंवा सगळ्या बूथांच्या चिठ्ठ्या मोजा असा अर्जही तेव्हाच. अर्ज मान्य करणे किंवा फेटाळणे अधिकाऱ्याच्या हाती, पण कारणे लेखी द्यावी लागतात. दोन-चार मिनिटांत हे सुचत नाही, म्हणून अर्ज आदल्या रात्री टाइप करून ठेवावा आणि फक्त बूथ क्रमांक भरायला जागा सोडावी. टपाली मतांत बाद झालेली मते फरकापेक्षा जास्त असतील तर त्यांची फेरतपासणी अर्जाशिवायही व्हायला हवी, तरी आठवण करून द्यावी.

दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालापासून सात दिवसांत ५ टक्के मशीनच्या आतल्या मेमरीची तपासणी मागता येते. गोव्यातल्या मतदारसंघात ही दोनेक मशीन होतात. २०२४ मध्ये आयोगाने एका संचाला करासह ४७,२०० रुपये आकारले होते. मशीनमध्ये छेडछाड निघाली तर पैसे परत. कुठली मशीन हे अर्जदार सांगतो, म्हणून इथेही ४३ पानांची ती फाइलच कामाला येते.

निवडणूक याचिकेला ४५ दिवस, पर्वरीच्या उच्च न्यायालयात. २०२५ च्या सूचनेनुसार मतदानाचे चित्रीकरणही निकालानंतर ४५ दिवसच ठेवतात, याचिका आली नाही तर नष्ट करता येते. दोन्ही मुदती एकाच दिवशी संपतात. याचिका शेवटच्या दिवसावर ढकलायची नाही, आणि कुठल्या बूथचे कुठल्या वेळेचे चित्रीकरण हवे ते पहिल्याच आठवड्यात लेखी कळवून पोच घ्यायची.